धूर, अग्नी आणि न झोपणारा जागल्या : जुने विद्युत बोर्ड, धूरसूचक यंत्रे आणि भामरागड

इतिहासाच्या व्याख्यानमालेत धुराच्या अलार्मवर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण सूचना देण्यालाही इतिहास असतो. धोका कुणाला आधी कळतो, कुणाला उशिरा आणि कुणाला कळतच नाही, यावरून एखाद्या समाजाबद्दल पुष्कळ समजतं. आज आपण तीन इतिहास एकत्र पाहणार आहोत: धूर ओळखणाऱ्या यंत्राचा, भिंतीवरच्या वीजबोर्डाचा आणि भामरागडसारख्या मुलखात वीज पोचण्याचा. तिन्ही शेवटी एका साध्या प्रश्नापाशी येतात. आश्रमशाळेच्या वसतिगृहात मुलं गाढ झोपली आहेत, भिंतीवर जुना बोर्ड आहे आणि त्यात एक सांधा तापतो आहे. ही बातमी त्यांना कोण देणार?

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून सुरुवात तिथूनच करू. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनुमानाचं पहिलं उदाहरण धुराचंच मिळतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त हेच उदाहरण आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी ते घोकलं आहे. डोंगर हा पक्ष, धूर हा हेतू, अग्नी हे साध्य. धूर तिथे अग्नी, हा नियम म्हणजे व्याप्ती. या नियमाला जुळणारा दाखला स्वयंपाकघराचा आणि उलट दाखला तळ्याचा.

आता बारकावा बघा. धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. त्यासाठी नैयायिक तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात. गोळा लालबुंद आहे, धूर मात्र नाही. अग्नीतून धूर निघायला ओल्या इंधनाचा संबंध यावा लागतो, असंही ते सांगतात. आणखी एक इशारा देतात: लांबून धुकं, वाफ किंवा धूळ दिसली आणि तिला धूर समजलात, तर अनुमान फसेल. धूरसूचक यंत्र बनवणारा अभियंता आज ज्या तीन अडचणींशी झुंजतो, त्या याच आहेत: धूर नसलेली आग, धुरासारखी दिसणारी वाफ आणि नियम कुठे लागू पडतो याची मर्यादा.

एक गोष्ट मात्र नैयायिकांनी गृहीत धरली होती. डोंगराकडे पाहणारा माणूस जागा आहे. तो झोपला असेल तर अनुमान करणार कोण? आपल्या गावगाड्यात यावर उत्तर होतं. रात्री गावाची राखण करणारा जागल्या होता, किल्ल्यांवर गस्त होती, शहरांत पहारा होता. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटातला मोठा भाग आगीत जळाला. दाट वस्तीच्या शहराला आग लवकर कळणं किती मोलाचं असतं, ते अशा प्रसंगांतून कळत गेलं. पण जागल्याही माणूसच. त्यालाही डुलकी लागते, आणि बंद खोलीच्या आतला धूर त्याला दिसत नाही.

ही उणीव भरून काढणाऱ्या यंत्राची गोष्ट मोठी मजेशीर आहे. एडिसनच्या विजेच्या दिव्याचं गणित सांभाळणारा त्याचा सहकारी म्हणजे फ्रान्सिस अप्टन. याच अप्टनला १८९० मध्ये, एका सहकाऱ्यासह, आगीची सूचना देणाऱ्या विद्युत यंत्राचं अमेरिकी पेटंट मिळालं. म्हणजे दिवा आणि इशारा एकाच घराण्यात जन्मले. पुढे दिवा जगभर गेला आणि इशारा मागे राहिला. ही ताटातूट लक्षात ठेवा, भामरागडला ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९३० च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर येगर हा भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र करू पाहत होता. ते काही जमेना. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि यंत्राचा काटा हलला, असं सांगितलं जातं. वायू कळला नाही, पण धूर कळला. पुढे त्याच देशात एर्न्स्ट मायली याने ही कल्पना कामाला येईल अशी केली. १९६० च्या दशकात अमेरिकेत ड्युएन पिअरसॉल आणि त्याच्या सहकाऱ्याने बॅटरीवर चालणारं, घरात परवडेल असं यंत्र घडवलं. १९७० च्या दशकात ते बाजारात आलं आणि पुढच्या दोनेक दशकांत बहुतेक अमेरिकी घरांच्या छताला लागलं. तिथल्या अग्निसंरक्षण संस्थेची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगते: घरातल्या आगीत होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी सुमारे तीन मृत्यू अशा घरांत होतात, जिथे अलार्म नव्हता किंवा होता पण चालत नव्हता.

'होता पण चालत नव्हता', हे शब्द महत्त्वाचे. का चालत नव्हता? बहुतेक वेळा बॅटरी संपलेली असते, किंवा पोळ्या करताना उगाच वाजतो म्हणून कुणीतरी काढून ठेवलेली असते. म्हणून तिकडच्या नियमांनी पुढची पायरी गाठली. अलार्म थेट घराच्या वायरिंगला जोडा, सोबत राखीव बॅटरी ठेवा आणि सगळे अलार्म एकमेकांना जोडा, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतील. कल्पना चांगली आहे. पण ती एक गोष्ट धरून चालते: घराचा बोर्ड धड आहे.

म्हणून आता बोर्डाकडे वळू. आपल्याकडे वीज आली ती शहरांत. मुंबईत ट्रामच्या कंपनीने १९०५ पासून पुरवठा हाती घेतला, १९१५ मध्ये खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. १९६० मध्ये राज्याबरोबरच महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं. त्या काळचा बोर्ड आठवा: लाकडी फळी, काळा लोखंडी मेन स्विच, पांढऱ्या चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आणि लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी. तांबं महाग आणि दुर्मीळ, म्हणून साठ ते ऐंशीच्या दशकांत ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास वापरल्या गेल्या. त्या वेळचा भार किती? चार बल्ब, दोन पंखे, एखादा रेडिओ. त्या हिशेबाने तो बोर्ड ठीकच होता.

मग भार वाढत गेला. बोअरचा पंप आला, फ्रीज, इन्व्हर्टर, पाणी शुद्ध करणारं यंत्र, संगणक, दवाखान्यात बाळं ऊबेत ठेवणारे वॉर्मर. बोर्ड तोच राहिला. फ्यूज वारंवार उडू लागला, की कुणीतरी त्यात तांब्याच्या तारेचे आणखी दोन पदर घालतो. मंडळी, फ्यूज हा एक छोटा जागल्याच आहे. तो जळतो म्हणून घर जळत नाही. जाड तार घातली, की त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं होतं.

यातही एक बारीक गोष्ट आहे, ती नीट समजून घेऊ. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला, की फ्यूज किंवा एमसीबी तो तोडते. पण सांधा सैल झाला असेल तर? ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर धरतो, स्क्रूखाली ते हळूहळू दबतं आणि सांध्याचा विरोध वाढतो. प्रवाह नेहमीइतकाच असतो, पण त्या एका बिंदूवर उष्णता साठत जाते. फ्यूजला काही कळत नाही, एमसीबीलाही नाही. हा आपला तापलेला लोखंडी गोळा: अग्नी आहे, धूर नाही. नंतर शेजारचं प्लास्टिक, धूळ, लाकूड तापतं आणि धूर निघू लागतो. तिथून ज्वाळा पेटेपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, तोच जीव वाचवण्याचा वेळ. त्या वेळात धूर ओळखणारं कुणीतरी हवं. बोर्ड जुना असेल तर धूरसूचकाची गरज जास्त, आणि तो बसवणंही जास्त अवघड. पेच हा असा आहे.

या पेचाची किंमत विदर्भाने मोजली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री दोनच्या सुमारास भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली. कामावरच्या परिचारिकेला धूर दिसला. सतरा बाळांपैकी सात वाचवता आली, दहा गेली. बाळांच्या वॉर्मरमध्ये विजेच्या बिघाडामुळे आग लागल्याचं चौकशीनंतर सांगण्यात आलं. त्या विभागात स्वयंचलित आगसूचक यंत्रणा नव्हती, हेही समोर आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्ण दगावले. कायदा नव्हता असं नाही. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा महाराष्ट्राचा अधिनियम २००६ चा, तो २००८ च्या डिसेंबरपासून लागू आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं, अशी तरतूद त्यात आहे. कागदावरचा जागल्या जागाच होता.

आता भामरागडला जाऊ. गडचिरोली जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण भागात इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावर हे तालुक्याचं गाव आहे. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. जवळच हेमलकसा, जिथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात रुग्ण तपासले जात. आणि चंद्रपूरला काय चाललं होतं? १९८० च्या दशकात तिथे मोठं औष्णिक केंद्र सुरू झालं. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. १९९९ मध्ये चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघे अशी ७५२ किलोमीटरची उच्चदाबाची एकदिश वाहिनी सुरू झाली. चंद्रपूरपासून भामरागड त्या अंतराच्या निम्म्याहूनही जवळ आहे. कोळसा इथला, धूर इथला आणि उजेड आधी दूरच्या शहराला. यात कुणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. विजेचा नकाशा जंगलाच्या कडेकडेने कसा गेला, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

माडिया घरात अग्नी परका नाही. थंडीत शेकोटीभोवती झोपणं, चुलीचा धूर घरभर असणं, उन्हाळ्यात मोहाच्या दिवसांत जंगलात वणवे दिसणं, हे रोजचं जगणं. तिथे धूर ही धोक्याची खूण नाही, ती वस्तीची खूण आहे. कुडाच्या भिंतींतून आणि कौलांच्या फटींतून धूर निघूनही जातो. पण तेच मूल आश्रमशाळेच्या पक्क्या इमारतीत येतं. तिथे स्लॅब आहे, लोखंडी जाळीच्या खिडक्या आहेत, एका दालनात कितीतरी मुलं ओळीने झोपतात, आणि जळणारं इंधन लाकूड नसून प्लास्टिकच्या वायरी आणि फोमच्या गाद्या असतात. हा धूर विषारी असतो. तो झोपेतून उठवत नाही, उलट झोप गाढ करतो. घरी शिकलेलं धुराचं ज्ञान इथे कामाला येत नाही. इंद्रावतीपलीकडच्या बिजापूर जिल्ह्यात, चिंताकोंटा इथल्या बांबूच्या बांधणीच्या निवासी कन्याशाळेला मार्च २०२४ मध्ये रात्री आग लागली. शेकडो मुली बाहेर काढल्या गेल्या, चार वर्षांची एक मुलगी राहून गेली. अंतर फार नाही, परिस्थितीही फार वेगळी नाही.

मग करायचं काय? 'आधी बोर्ड बदला, मग अलार्मचं बघू', असं ऐकू येतं. तांत्रिकदृष्ट्या हे खोटं नाही. जुन्या बोर्डात नवं सर्किट घालायला जागा नसते, न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले असतात, अर्थिंगची पट्टी गंजलेली असते, दाब वरखाली होतो. अशा बोर्डावर २३० व्होल्टचे अलार्म टांगले, तर बिघडलेल्या माणसाच्या हाती पहारा दिल्यासारखं होईल. पण बोर्ड बदलायला अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, ठेकेदार लागतात. तोवर दोनतीन पावसाळे निघून जातात आणि मुलं रोज रात्री झोपतातच. आमचं म्हणणं असं, की क्रम लावा, पण वाट बघू नका.

पहिली पायरी आजची. दीर्घ मुदतीच्या बंदिस्त बॅटरीचे धूरसूचक झोपण्याच्या दालनांत लगेच लावा. त्यांना बोर्डाची गरज नाही. सोबत वायरमनकडून बोर्डाचे सगळे सांधे आवळून घ्या आणि फ्यूजमधल्या जाड तारा काढून योग्य मापाच्या घाला. याला मंजुरी नको, दोन दिवस पुरतात.

दुसरी पायरी बोर्डाची. भामरागडचं कॅलेंडर वेगळं आहे. पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल वर्षानुवर्षं पुरात बुडत आला आणि तालुक्याचा संपर्क तुटत आला. म्हणून सामान आणि माणसं मे महिन्याआत पोचायला हवीत. लाकडी फळी जाऊन धातूची बंद पेटी, प्रत्येक दालनाला वेगळी एमसीबी, गळती प्रवाह ओळखून तोडणारं आरसीसीबी, नवं अर्थिंग आणि तांब्याची वायर. बाहेरची अग्निशमन गाडी पुराच्या दिवसांत वेळेत येईल असं धरताच येत नाही, त्यामुळे इशाऱ्याचं मोल इथे शहराहून जास्त आहे.

तिसरी पायरी वायरने जोडलेल्या यंत्रणेची. शाळा-दवाखान्यांत आपल्याकडे रूढ आहे ती चोवीस व्होल्टची मध्यवर्ती यंत्रणा. तिची स्वतःची पेटी असते, आत बॅटरी असते आणि सगळे सूचक त्या पेटीशी जोडलेले असतात. मुख्य पुरवठा तिला फक्त बॅटरी भरायला लागतो. ते काम सौर पॅनेलवरही होऊ शकतं. लाईट दोन दिवस जाणाऱ्या गावात हा मोठा फायदा आहे. ब्रिटिश पद्धतीतली एक युक्ती छोट्या इमारतींत घेण्यासारखी आहे. अलार्मला स्वतंत्र सर्किट द्या, किंवा रोज वापरातल्या दिव्यांच्या सर्किटवर ठेवा. व्हरांड्याचा दिवा गेला की कुणीतरी ओरडतंच, आणि त्यासोबत अलार्मचा पुरवठाही दुरुस्त होतो. कुणाच्या लक्षात न येणाऱ्या सर्किटवर ठेवलेला अलार्म कधी मेला, ते आगीच्या रात्रीच कळतं.

जागांचंही तारतम्य हवं. स्वयंपाकघरात धूरसूचक लावाल तर तो रोज फोडणीला वाजेल, आणि आठवड्यात कुणीतरी त्याला फडकं बांधेल. तिथे उष्णतासूचक लावा. झोपायच्या दालनात प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारा सूचक बरा, कारण धुमसणारी आग तो लवकर ओळखतो. पावसाळ्यात त्याच्या जाळीतून किडे शिरतात, म्हणून जुलै ते ऑक्टोबर दर महिन्याला साफसफाई.

आणि आवाजाचं काय? लहान मुलं उंच पट्टीच्या शिटीने बऱ्याचदा उठतच नाहीत, हे प्रयोगांतून दिसलं आहे. त्यापेक्षा खालच्या पट्टीचा, सुमारे ५२० हर्ट्झचा भोंगा जास्त जणांना उठवतो. म्हणून अलार्म आधी अधीक्षिकेच्या आणि चौकीदाराच्या खोलीत वाजला पाहिजे, आणि त्यांनी मुलांना हाका मारून उठवलं पाहिजे. ती हाक माडियातच असावी. पहिलीच्या मुलाला मराठी सूचना अर्ध्या झोपेत कशी कळणार? महिन्यातून एकदा रात्री सराव झाला आणि दाराला बाहेरून कुलूप नसलं, तर यंत्राला अर्थ आहे. नाहीतर तो नुसता आवाज आहे.

शेवटी पुन्हा एक तत्त्वज्ञानाचा मुद्दा. कुमारिल भट्टांच्या परंपरेत 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं आहे. टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही हे कळतं. पण अट आहे: घागर असती तर ती दिसलीच असती, इतका उजेड आणि इतकी नजर धड हवी. अंधारात घागर दिसली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. अलार्म शांत आहे, म्हणजे धूर नाही, हे केव्हा म्हणता येईल? तो चालू आहे हे तपासलेलं असेल तेव्हाच. मध्यवर्ती पेटी आपली तार कुठे तुटली ते स्वतः सांगते. साध्या अलार्मला चाचणीचं बटण असतं. ते बटण दर आठवड्याला दाबणारा माणूस ठरलेला हवा, आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्याची सही हवी. शांततेवर विश्वास ठेवायचा हक्क त्या सहीने मिळतो.

अप्टनच्या हातून दिवा आणि इशारा जवळपास एकाच पिढीत आले. मुंबईला दिवा आला, इशारा फार उशिरा आला, आणि मधल्या काळाची किंमत लोकांनी भरली. भामरागडला वीज उशिरा पोचली, ही खंत खरीच. पण उशिरा येणाऱ्याला एक सोय असते. आधीच्यांनी काय भोगलं ते त्याच्यासमोर असतं. दिवा आणि इशारा तिथे हातात हात घालून नेता येतील. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. तो दिवस पावसाळ्याच्या दीड-दोन महिने आधी येतो. आपल्या ओळखीच्या एखाद्या आश्रमशाळेत, वसतिगृहात किंवा दवाखान्यात त्या दिवशी जा, बोर्डाची पेटी उघडून बघायला सांगा आणि अलार्मचं बटण दाबून बघा. वाजला नाही, तर मे महिना अजून हातात असतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ.